चार चिंचोक्यांचे दान

मागच्या श्रावणात आम्ही वर्गातल्या पाचसहा जणी जिन्याखालच्या फरशीवर खडूने पट आखून बसलो होतो. पहिलेच दान पडले, कुणीतरी “अष्टा!” म्हणून ओरडले, आणि नेमके त्याच वेळी एक सर जिना उतरून आले. “जुगार मांडलाय की काय?” एवढेच त्यांनी विचारले. ते बहुधा थट्टेनेच बोलले असतील. पण माझे तोंड उतरले. मी पायाने पट पुसून टाकला आणि चिंचोके ओढणीच्या गाठीत बांधले. सरांना उत्तर देणे त्या वेळी मला जमले नाही. ते मी या अंकातून देत आहे. आणि देता देता, ज्यांनी आयुष्यात कधी चिंचोके टाकले नाहीत अशा मित्रमैत्रिणींना दान कसे टाकायचे, कसे मोजायचे आणि त्यातून काय ओळखायचे हेही सांगणार आहे.

आधी थोडे घरचे सांगते, कारण खेळ घरचाच आहे. कॉलेजची पायरी चढलेली आमच्या घरातली मी पहिली. बाबा बुटीबोरीच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला आहेत. आठवड्याची पाळी बदलली की आमच्या घराचे जेवणाखाणाचे वेळापत्रक बदलते. आजीला अक्षरओळख नाही, अंगठा उठवते. परंतु तिच्यासमोर चार चिंचोके पडले की ती मोजत नाही. नुसती नजर टाकते आणि दान सांगते. आता मोतीबिंदूमुळे नजरही टाकता येत नाही, म्हणून ती पडलेल्या चिंचोक्यांवरून हळूच अंगठा फिरवते. गुळगुळीत लागले तर काळी बाजू, खरबरीत लागले तर पांढरी. मागच्या दिवाळीत एकदा तिने “तीन” म्हटले आणि मला दोनच दिसत होते. मी चूक दाखविली नाही. त्या रात्री ती म्हणाली, “पोरी, तू लिवतं ना? मंग हे बी लिवून ठेव एकदा. माया मागं कोणाले येते हे?” हा लेख त्या सांगण्यावरून लिहिला आहे.

खेळाचे नाव आमच्याकडे चंगा-अष्टा. कुठे याला अष्टा-चंगा म्हणतात, कुठे चल्लस आठ. दक्षिणेतही हाच खेळ निरनिराळ्या नावांनी खेळतात. साहित्य म्हणजे चार चिंचोके, खडू आणि प्रत्येकीच्या चार सोंगट्या. सोंगट्या विकत आणायच्या नसतात. एकीचे बांगडीचे तुकडे, दुसरीचे तुरीचे दाणे, तिसरीचे खडे, चौथीची शर्टाची बटणे. चिंचोके मात्र निवडून घ्यावे लागतात. एकाच आकाराचे, न किडलेले चार चिंचोके घ्यावेत आणि खरबरीत दगडावर थेंबभर पाणी टाकून एक बाजू घासत बसावे. वरची तपकिरी साल गेली की आतला पांढरा गर दिसू लागतो. घासताना हाताला चटका बसतो, आणि आम्ही लहानपणी घासलेला गरम चिंचोका एकमेकींच्या हाताला लावून पळत असू. ते शास्त्र या लेखात येत नाही.

पट आखायचा तो पाच आडव्या आणि पाच उभ्या घरांचा, म्हणजे एकूण पंचवीस घरे. चारही बाजूंच्या मधल्या घरात आणि अगदी मधोमधच्या घरात फुली मारायची. बाजूची फुली हे त्या त्या खेळणारीचे घर. मधली फुली म्हणजे मुक्काम. आपल्या घरातून निघून बाहेरच्या सोळा घरांचा फेरा उजव्या हाताने, घड्याळाच्या उलट, पूर्ण करायचा. आपल्या घराच्या अलीकडच्या घरापर्यंत आलो की आत वळायचे, आतल्या आठ घरांचा फेरा मात्र घड्याळाच्या दिशेने घ्यायचा आणि मग मध्यभागी जायचे. नव्या खेळणाऱ्याची पहिली चूक इथेच होते. आत वळल्यावर दिशा उलटते हे तो विसरतो. बोटाने मोजून पाहा : बाहेर पंधरा पावले, आत आठ, आणि शेवटचे एक, अशी प्रत्येक सोंगटीची एकूण चोवीस पावले होतात.

दुसऱ्याची सोंगटी ज्या घरात असेल नेमक्या त्याच घरात आपले दान संपले तर ती मेली. ती आपल्या घरी परत जाते आणि मारणाऱ्याला आणखी एक दान मिळते. फुलीच्या घरात कोणी कोणाला मारू शकत नाही. आणि एकही सोंगटी मारल्याशिवाय आतल्या फेऱ्यात जाता येत नाही, असा आमच्या घरचा कडक नियम आहे. त्यामुळे आमच्याकडे भित्रा खेळाडू बाहेरच घिरट्या घालत राहतो.

आता मुख्य गोष्ट, दान. चारही चिंचोके ओंजळीत खुळखुळवून एकदम टाकायचे. एक पांढरा वर आला तर दान एक, दोन आले तर दोन, तीन आले तर तीन, चारही पांढरे आले तर चार. या चाराला चंगा म्हणायचे. आणि एकही पांढरा आला नाही, चारही काळेच वर, तर दान शून्य नव्हे, आठ. हाच अष्टा. चंगा किंवा अष्टा पडला की पुन्हा टाकायला मिळते. पाच, सहा, सात ही दाने एका टाकीत पडतच नाहीत. शून्याचे आठ का, असे मी लहानपणी विचारले होते. आजी म्हणाली, “ज्याचं काहीच आलं नाही त्याले देव जास्ती देते.” कॉलेजात आल्यावर मला याचे दुसरेही उत्तर सापडले, पण हे पहिले उत्तर अजून टाकून देववत नाही.

दुसरे उत्तर असे. समजा, प्रत्येक चिंचोका नाण्यासारखा आहे. काळा आणि पांढरा पडण्याची शक्यता सारखी. चार चिंचोक्यांना क, ख, ग, घ अशी नावे देऊ. ‘क’ दोन प्रकारे पडू शकतो, त्या प्रत्येकाबरोबर ‘ख’ दोन प्रकारे, पुढेही तसेच. म्हणजे दोन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले दोन, एकूण १६ प्रकार. यात चारही पांढरे येण्याचा प्रकार एकच. चारही काळे, तेही एकच. एकच पांढरा असे प्रकार ४, कारण तो क असेल, ख असेल, ग असेल किंवा घ. तीन पांढरे म्हणजे एकच काळा, म्हणून तेही ४. आणि दोन पांढरे असे प्रकार ६ : कख, कग, कघ, खग, खघ, गघ. बेरीज करा, १६ भरतात. म्हणजे ज्या दोन दानांना आपण बक्षीस देतो, ती दोन्ही सोळात एकदाच पडणारी आहेत. ज्या कोणी बायांनी शून्याला आठ केले त्यांनी सर्वांत दुर्मीळ दानाला सर्वांत मोठी किंमत दिली. त्यांच्यातल्या किती जणींना अक्षरओळख असेल, कोण जाणे.

हे सोळा प्रकार मी बी.ए. भाग १ च्या वहीच्या मागच्या पानावर लिहून काढले, आणि मग आजीचे एक जुने वाक्य एकदम उलगडले. ती नेहमी म्हणते, “त्याच्या दोन घर पुढं उभी नोको राहू. मारते तुले.” का? तर दुसऱ्याच्या सोंगटीपुढे दोन घरांवर उभे राहिले तर त्याला दोनाचे दान पुरते, आणि ते सोळात सहा वेळा येते. एक किंवा तीन घरे पुढे असाल तर धोका सोळात चार. चार घरे पुढे असाल तर सोळात एकच. आणि पाच घरे पुढे असाल तर त्याला आधी चंगा पडावा लागेल आणि त्यावर एक. म्हणजे सोळात एक गुणिले सोळात चार, चौसष्टात एकच वेळा. म्हणून जवळ थांबायचेच असेल तर चार किंवा पाच घरे सोडून थांबा. याला मी नियम म्हणणार नाही. नव्या खेळाडूला पहिल्याच दिवशी सांगावी अशी ही गोष्ट आहे, आणि माझ्या मैत्रिणींना मी ती सांगितली नव्हती, हेही कबूल करते.

आणखी एक हिशेब, ज्यांना आवडत नसेल त्यांनी पुढच्या परिच्छेदावर जावे. सोळा टाकींत सरासरीने एक आठ, चार वेळा एक, सहा वेळा दोन, चार वेळा तीन आणि एक चार पडेल. बेरीज ४०, म्हणजे एका टाकीला सरासरी २.५ घरे. जादा टाकी धरल्या तर एका पाळीला साधारण २.८६. चार सोंगट्यांची मिळून ९६ पावले होतात. म्हणजे कुणी कुणाला मारले नाही आणि एकही दान वाया गेले नाही, तरी एका खेळाडूला सुमारे ३४ पाळ्या लागणारच. चौघी खेळत असतील तर दुपार सहज जाते. आषाढ-श्रावणात, पेरणी आटोपलेली आणि बाहेर पाऊस लागलेला असताना, बायकांना हवी होती ती नेमकी एवढीच दुपार असावी.

पण चिंचोका नाणे नाही. त्याची घासलेली बाजू सपाट आणि दुसरी फुगीर असते. कोण किती घासतो त्यावर तो कसा पडेल हे ठरते. आजीच्या गाठीतल्या चिंचोक्यांना अष्टा फार पडतो, अशी शेजारच्या काकूंची पूर्वीपासून तक्रार आहे. “बुढीच्या हाताले गुण हाये,” असे त्या म्हणतात. मी तेच चिंचोके घेऊन एका रविवारी एकटीच टाकत बसले आणि प्रत्येक दानाची रेघ ओढत गेले. माझ्या हातूनही अष्टा चंग्यापेक्षा कितीतरी जास्त पडला. म्हणजे गुण हातात नव्हता, चिंचोक्यांत होता. समजा, एक चिंचोका दहात चारच वेळा पांढरा पडतो. फरक किती लहान वाटतो! पण चारही काळे येण्याची शक्यता दशांश सहा चार वेळा गुणून येते, आणि ती जवळपास शंभरात १३ भरते. चारही पांढरे येण्याची शक्यता शंभरात अडीचच्या आसपास. म्हणजे जी दोन दाने बरोबरीची होती, त्यांतले एक दुसऱ्याच्या पाचपट झाले. शिवाय एक आणि दोन ही दाने सारख्याच वेळा येऊ लागतात, म्हणजे आजीचा ‘दोन घर’ हा इशाराही तिच्याच चिंचोक्यांना पुरता लागू पडत नाही! हे तिला सांगितले तेव्हा ती हसली आणि म्हणाली, “म्हून तर मी दुसऱ्याचे चिंचोके घेत नाही.” तिला हे सगळे ठाऊक होते की काय, ते माझ्या लक्षात आलेले नाही. नव्या खेळाडूंनी एवढे करावे : खेळ चौघींचा, तर चिंचोके सर्वांसमोर घासावेत आणि सर्वांनी तेच चार वापरावेत. बिघडलेला चिंचोका सगळ्यांना सारखाच बिघडलेला असला की तक्रारीला जागा राहत नाही.

दान मोजण्याचे शास्त्र आपल्या विदर्भाच्या वाटेवरच सांगितले गेले, ही गोष्ट मला महाभारत वाचताना कळली, आणि तेव्हा वाचनालयात मी एकटीच हसले. नळराजा फाशांत आपल्या भावाशी, पुष्कराशी, राज्य हरला हे आपण शाळेत शिकतो. दमयंती आपल्या विदर्भाची, भीमक राजाची मुलगी. पुढे बाहुक या नावाने नळ अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो आणि दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून राजाला घेऊन विदर्भाकडे रथ हाकतो. वाटेत बेहड्याचे झाड लागते. ऋतुपर्ण रथातूनच त्या झाडाची पाने आणि फळे किती ते सांगतो. नळाला विश्वास बसत नाही. तो खाली उतरून फळे मोजतो आणि संख्या बरोबर निघते. मग राजा त्याला ‘अक्षहृदय’ म्हणजे फाशांचे मर्म शिकवितो आणि बदल्यात घोड्यांची विद्या मागून घेतो. जुन्या काळी बेहड्याच्या फळांचेच फासे करीत; ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले जुगाऱ्याचे सूक्त आहे ते याच बेहड्याच्या फाशांविषयी. झाडाची पाने मोजण्याचा आणि फासे जिंकण्याचा काय संबंध, हा प्रश्न संभाव्यतेचा इतिहास लिहिणाऱ्या पाश्चात्त्य पंडितांनाही पडला आहे. मला वाटते, एका फांदीवरून साऱ्या झाडाचा अंदाज बांधणे आणि थोड्या दानांवरून चिंचोक्याचा कल ओळखणे, या एकाच जातीच्या गोष्टी आहेत. युरोपात या विषयाचे गणित मांडले गेले ते १६५४ साली पास्कल आणि फर्मा यांच्या पत्रव्यवहारात. त्यांच्यापुढचा प्रश्न असा की खेळ मध्येच मोडला तर पैज कशी वाटून घ्यावी. जिन्याखालचा आमचा डाव मोडला तेव्हा हा प्रश्न आमच्याही पुढे होता, फक्त वाटून घ्यायला काही नव्हते.

चिंचोक्यांचा हा खेळ गरिबाघरचा. त्याचे श्रीमंत भाऊ दोन. पचीसी कवड्यांवर खेळतात. सहा कवड्या टाकल्या आणि दोन ते पाच तोंडे वर आली तर तेवढेच दान. सहाही आली तर सहा. एकच आले तर दहा. आणि एकही नाही आले तर पंचवीस. सहा, दहा आणि पंचवीस यांवर पुन्हा टाकी मिळते. शून्याला मोठेपण देण्याची रीत इथेही तीच, आणि त्यावरूनच खेळाचे नाव पडले. फत्तेपूर शिक्रीच्या वाड्यात दगडी फरशीवर पचीसीचा भला थोरला पट आहे. इंग्रजांनी पुढे कवड्या काढून टाकल्या, एक चौकोनी फासा ठेवला आणि १८९६ साली ‘ल्यूडो’ या नावाने खेळाचे पेटंट घेतले. तो आपण दुकानातून विकत आणतो. दुसरा भाऊ सारीपाट. कापडी पट अधिक चिन्हासारखा, प्रत्येक पट्ट्यात चोवीस घरे, एकूण ९६, सोंगट्या सोळा, आणि हस्तिदंताचे किंवा हाडाचे तीन लांबोळके फासे. या फाशाला चारच बाजू असतात, त्यांवर एक, दोन, पाच आणि सहा टिंबे. एकासमोर सहा, दोनासमोर पाच. तीन फाशांचे चौसष्ट प्रकार होतात. त्यांत दोन सहा आणि एक एक असे दान, म्हणजे ‘पोबारा’, तीनच प्रकारे पडते. आपण ‘चोराने पोबारा केला’ म्हणतो तेव्हा पटावरचीच सोंगटी पळत असते. वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात शंकर-पार्वती सारीपाट खेळताना कोरले आहेत. आपला खंडोबाही म्हाळसेशी सारीपाट खेळताना हरला आणि पैजेप्रमाणे घर सोडून बाणाईच्या मेंढरांमागे गेला, असे वाघ्यामुरळी गातात. देवही हरतात, फक्त त्यांच्या हरण्यातून गाणी होतात.

आता थोडे परदेशात जाऊ. नागपूरला मैत्रिणीच्या घरी गेले असता तिच्या दादाकडे एक खेळ पाहिला. त्यात पट नाही, सोंगटी नाही. टेबलाभोवती चारपाच जण बसतात, प्रत्येक जण जपानी सामुराई योद्ध्याची भूमिका घेतो, एक जण गोष्ट सांगतो, आणि योद्ध्याचे काम फत्ते झाले की फसले हे फासे ठरवितात. ‘लेजेंड ऑफ द फाइव्ह रिंग्ज’ हे त्याचे नाव. १९९७ साली अमेरिकेत तो निघाला. दादाने समजावले तेव्हा इतर दोघी गोंधळल्या आणि मला मात्र पटकन समजले. त्याचे श्रेय आजीचे. फासे दहा बाजूंचे. समजा, योद्ध्याची चपळाई ३ आणि तलवार चालविण्याचे कसब २. दोहोंची बेरीज पाच, म्हणून फासे पाच टाकायचे. पण ठेवायचे चपळाईइतकेच, तीन. दहा पडला तर तो फासा पुन्हा टाकून बेरीज करायची. हा त्यांचा चंगा. समजा, १०, ७, ४, ३, २ असे पडले आणि दहाचा फासा पुन्हा टाकल्यावर ६ आला, तर त्या फाशाचे १६. वरचे तीन ठेवू : १६, ७ आणि ४, एकूण २७. गोष्ट सांगणाऱ्याने अवघडपणा २० ठरविला असेल तर काम झाले. (२०१८ च्या नव्या आवृत्तीत फाशांवर आकड्यांऐवजी चिन्हे आली, मी सांगते ते जुन्या आवृत्त्यांचे.)

मला आवडला तो याच्या पुढचा नियम. फासे टाकण्याआधी योद्धा म्हणू शकतो, “मी नुसता वार करणार नाही, हातातली तलवार उडवीन.” असे म्हटले की अवघडपणा पाचाने वाढतो. एकदा वाढविला तर २५, दोनदा वाढविला तर ३०. वरच्या दानात २५ पार झाले असते. ३० म्हटले असते तर २० चेही काम हातचे गेले असते. म्हणजे तिथे धाडस फाशाच्या आधी करायचे. आपल्या चंगा-अष्ट्यात उलट आहे. दान आधी पडते आणि कोणती सोंगटी चालवायची ते मागून ठरवायचे. शहाणपण फाशाच्या नंतर. दोन्हीकडे फासा हा खेळाचा अर्धाच भाग आहे. ज्या खेळात दान पडल्यावर करण्यासारखे काही उरत नाही आणि पडण्याआधी फक्त पैसे लावायचे असतात, तो जुगार. सर, हे माझे उत्तर. १८८७ सालापासून आपल्याकडे जुगाराविरुद्ध कायदा आहे, आणि त्याचाही रोख पैजेवर आहे, चिंचोक्यावर नाही.

तरीपण सरांचा प्रश्न मला एवढा का लागला, ते सांगितल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. आमच्या घरात ‘फासा’ हा शब्द बाबांसमोर काढत नाहीत. आबाजी, म्हणजे माझे आजोबा, एका पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावाबाहेर कवड्यांच्या डावावर बसले होते. सकाळी हरले, दुपारी हरले. सोबतचे उठा म्हणत होते. पण त्यांचा हिशेब असा की इतका वेळ दान आले नाही म्हणजे आता येणारच; ते साठून राहिले आहे. संध्याकाळी ते जोडीतला एक बैल हरून आले. आदल्याच दिवशी त्या बैलाला झूल घातली होती, शिंगे रंगविली होती. एका बैलाने वखर चालत नाही. त्या वर्षी जोडी भाड्याने आणावी लागली, आणि बाबांची शाळा सातवीत सुटली ती त्याच्यानंतरच. आजीने घरातल्या कवड्या विहिरीत टाकल्या. पण चिंचोके ठेवले. बाबा घरी नसतील तेव्हाच ती पट मांडते.

आबाजींची चूक कुठे होती हे आता मला कागदावर दाखविता येते. चार चिंचोक्यांचा अष्टा सोळात एकदा पडतो, याचा अर्थ पंधरा वेळा नाही पडला तर सोळाव्या वेळी पडतो असा नाही. सोळाव्या वेळीही तो सोळात एकच. मागची पंधरा दाने चिंचोक्याला आठवत नाहीत. ती आठवतात टाकणाऱ्याला. तसेच तीनदा ओळीने अष्टा पडला तरी चौथ्यांदा पडण्याची शक्यता कमी होत नाही की वाढत नाही. खेळ शिकणाऱ्याला इतर सारे नियम हळूहळू कळतात. हा एक आधी सांगावा.

हा लेख लिहिताना सोळा प्रकारांचा तक्ता मी जेवणाच्या खोलीत भिंतीला टेकून ठेवला होता. बाबा रात्रपाळीला निघाले होते. डबा घेताना त्यांनी तो पाहिला. हे काय म्हणून विचारले. मी घाबरत घाबरत सांगितले. त्यांनी डबा खाली ठेवला आणि बोटाने एकेक ओळ मोजली. “म्हणजे दहादा नाही आलं तरी अकराव्यांदा तेवढंच?” मी हो म्हटले. त्यांनी पुन्हा विचारले, “तेवढंच?” मी पुन्हा हो म्हटले. बाहेर कंपनीच्या गाडीचा हॉर्न वाजला आणि ते गेले. सकाळी परत आले तेव्हा काही बोलले नाहीत. तक्ता मात्र जागच्या जागी होता, आणि त्या दुपारी आजीने पट मांडला तो बाबा खाटेवर पडलेले असताना.

एका नियमाचा निकाल अजून लागलेला नाही. चंगा किंवा अष्टा ओळीने तीनदा पडला तर आजीच्या मते तिन्ही दाने जळतात आणि पाळी पुढे जाते. शेजारच्या काकू हिंगणघाटकडच्या. त्यांच्या माहेरी जळत नाहीत, उलट सगळी चालतात. असे तीनदा पडणे पाचशे बारा पाळ्यांत एकदा व्हायचे, त्यामुळे भांडायची वेळ फारशी येत नाही. पण आजीच्या चिंचोक्यांनी ती मागच्या आठवड्यात आणलीच, आणि दोघी सध्या बोलत नाहीत. आपल्या कॉलेजात उमरेड, हिंगणा, सेलू, वर्धेकडून येणारे पुष्कळ जण आहेत. तुमच्या घरी तीन अष्टे जळतात की चालतात, ते आजीला विचारून मला सांगा. चिंचोके माझ्याजवळ असतातच. येताना खडू तेवढा घेऊन या.